वाडग्यातल्या शिंपल्या

२ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी पुन्हा नोकरदार. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत सव्वीस वर्षं रक्त, थुंकी आणि नाव न घेण्यासारखे बरेच पदार्थ तपासून निवृत्त झाले, यांच्या गावी राहायला आले, सहा महिने घरात बसले आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाले. ताप झाले हे माझं मत नव्हे, यांचं. मत्स्यविभागाची जाहिरात कापून माझ्या चहाच्या कपाखाली यांनीच ठेवली होती. म्हणाले, "शिंपल्या मोजायला माणूस हवंय. तुला मोजायला आवडतं आणि शिंपल्या उलट बोलत नाहीत." ही वहीसुद्धा यांनीच आणली. दिवसभराचं सगळं मला सांगतेस, त्यातलं निम्मं हिला सांग, म्हणे.

काम असं. खाडीच्या तोंडाशी उत्तरेला चिखलाचा लांबच लांब पट्टा आहे, तो ओहोटीला उघडा पडतो. परवाना असलेली चौदा माणसं, अकरा बायका आणि तीन पुरुष, दाताळ्याने तो चिखल ओढून शिंपल्या काढतात. एका ओहोटीला प्रत्येकी दोन बादल्या, त्याहून जास्त नाही. तीस मिलिमीटरपेक्षा लहान शिंपली जागच्या जागी परत टाकायची. मी धक्क्यावरच्या शेडमध्ये बसून आलेल्या मालातला नमुना मोजायचा आणि हंगामाच्या शेवटी अहवाल द्यायचा. तो वाचून विभागीय समिती ठरवणार की डिसेंबरपासून पट्ट्याला नेहमीची चार महिन्यांची विश्रांती द्यायची, की यंदा काढणी चालूच ठेवायची. म्हणजे पट्टा आणि चौदा घरं माझ्या आकड्यांवर उभी. मला त्याची धास्ती वाटत नाही. अशा कामाला माझ्यासारखंच माणूस लागतं.

या चौदा जणांच्या म्होरक्या म्हणजे आमच्या थोरल्या जाऊबाई. वय त्रेसष्ट, त्यातली चाळीस वर्षं त्या चिखलात. थोरले दीर गेल्यापासून पुढच्या दोन खोल्यांत त्या राहतात, मागच्या दोन खोल्यांत आम्ही, स्वयंपाकघर एकच. मी नोकरी धरली हे ऐकून त्या म्हणाल्या, "बरं झालं. टेबलावर घरचं माणूस आलं."

४ सप्टेंबर, बुधवार

शेड म्हणजे चार खांब, वर पत्रा, एक वजनकाटा आणि कधीच पूर्ण बंद न होणारा नळ. मी टेबल मागवून घेतलं, त्यावर पांढरं रेक्झिन ठोकलं, डावीकडे वही, उजवीकडे लांबी मोजायचं कॅलिपर. पाहणाऱ्याला शिस्त दिसली पाहिजे.

पद्धतही मीच बसवून दिली. प्रत्येकाने आपल्या बादल्यांतल्या चाळीस शिंपल्या वाडग्यात घालून टेबलावर आणायच्या. इस्पितळात मी कधी वॉर्डात जाऊन कुणाला सुई टोचली नाही. नमुना चिठ्ठी लावून खिडकीशी यायचा आणि मी तपासायचे. रक्त डाव्या हातातलं असो की उजव्या, रक्त तेच. मत्स्यविभागाच्या साहेबांनी एक जाडजूड पुस्तिका दिली आहे, तिच्यात अकराव्या पानापासून चिखलात उतरून चौकट टाकायची, चौकटीतलं सगळं मोजायचं, असं काय काय लिहिलंय. माझा गुडघा अकराव्या पानाच्या विरोधात आहे. शिवाय कोरड्या टेबलावर हात जास्त स्थिर राहतो.

पाचशेसाठ शिंपल्या मोजल्या. सरासरी ४१.६ मिलिमीटर. तीसच्या आतली एकही नाही. पट्टा ठणठणीत आहे.

१९ सप्टेंबर, गुरुवार

आता मी पोचायच्या आत वाडगे टेबलावर हजर असतात, ओळीने, आणि शिंपल्या कशा तर स्वच्छ धुतलेल्या. पहिल्या दिवशी चिखलाने कॅलिपर अडकत होतं, ते कुणीतरी लक्षात ठेवलं. इतकी वर्षं नोकरी केली, पण नमुना पाठवणाऱ्याने एवढी काळजी घेतलेली पाहिली नव्हती.

खणणाऱ्यांत एक म्हातारबुवा आहेत, त्यांना सगळे टाइमटेबल म्हणतात. घड्याळ न बघता पाणी कधी फिरणार ते मिनिटावर सांगतात. आपला वाडगा ठेवून ते तिथेच उभे राहिले. "बघा बाई, एकसारख्या आहेत ना?" मी मोजून सांगितलं, दोनतीन मिलिमीटर इकडेतिकडे. ते समाधानाने मान हलवून गेले. या माणसांना आपल्या पट्ट्याचा अभिमान आहे, हे पाहून बरं वाटलं.

सरासरी ४१.९.

३ ऑक्टोबर, गुरुवार

साहेब येऊन गेले. माझ्या थोरल्या भाच्याच्या वयाचे आहेत, पण मान देऊन बोलतात. शेजारच्या दोन खाड्यांत सरासरी घसरून तेहतीस-चौतिसावर आली आहे, आणि इथे ४१.७. ते म्हणाले, "तुमच्या पट्ट्याला खायला काय घालता?" मी म्हटलं, शिस्त.

नमुना कसा घेता, हेही त्यांनी विचारलं. टेबलावर येतो, म्हटलं. "पुस्तिकेप्रमाणेच ना?" "त्याहून काटेकोर," मी म्हटलं, आणि दशांश चिन्हानंतरचे रकाने दाखवले. साहेबांनी खालच्या चिखलाकडे पाहिलं, मग माझ्या स्वच्छ चपलांकडे पाहिलं, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. जाताना म्हणाले, "समितीपुढे तुमचा पट्टा नमुना म्हणून मांडतो."

घरी आल्यावर हे सगळं सविस्तर सांगितलं. जाऊबाई भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. हल्ली त्यांची कंबर फार धरते. "अगं, पट्ट्याचं मला तुला एक सांगायचंय," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, थांबा, साहेब शेवटी काय म्हणाले ते ऐकाच. माझं सांगून होईपर्यंत त्या मलम लावायला उठल्या होत्या.

८ ऑक्टोबर, मंगळवार

ओहोटी लहान, काढणी नाही. आलेख काढले. रेघ इतकी सरळ आली की यांना वाटलं मी पट्टीने मारली. यांनी विचारलं, "आज काही घडलं का?" मी म्हटलं नाही. "मग दोन तास कशावर बोलत होतीस?"

१८ ऑक्टोबर, शुक्रवार

सगळी माणसं हल्ली उशिरा परततात. सप्टेंबरात साडेआठला बादल्या वजनकाट्यावर असायच्या. आज शेवटची बाई सव्वानऊला आली, भरतीच्या पाण्यातून, गुडघ्यापर्यंत भिजलेली. माल चांगला लागला की माणसाचा पाय निघत नाही. मी येण्याजाण्याच्या वेळाही लिहून ठेवते, कोणी सांगितलेलं नसताना.

जाऊबाईंनी दाताळ्याला लांब दांडा बसवून घेतला. कारण विचारलं तर म्हणाल्या, "लोखंडी खांबाच्या पलीकडे चिखल खोल आहे." चिखलात रोवलेल्या त्या खांबाच्या अलीकडेच पूर्वी काम व्हायचं म्हणे. म्हणजे पट्टा समजत होतो त्याहूनही मोठा आहे. अहवालात घातलं पाहिजे.

सरासरी ४१.४. बादल्या सगळ्यांच्या काठोकाठ.

२ नोव्हेंबर, शनिवार

अहवाल लिहून झाला. नऊ पानं. शिफारस दोनच वाक्यांची: यंदा विश्रांतीची गरज नाही, काढणी चालू ठेवावी. दोनाऐवजी तीन बादल्यांना परवानगी द्यावी.

शेडमध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. मला वाटलं होतं टाळ्या पडतील. टाइमटेबल नळाकडे बघत राहिले. लाल टोपी घालणारी एक दणकट बाई आहे, तिला सगळे लालटोपीच म्हणतात. ती हसली आणि लगेच तिने तोंडावर हात ठेवला. माणसं लाजाळू असतात, कौतुक अंगावर आलं की अशीच गोंधळतात.

जाऊबाईंनी घरी विचारलं, "तिसरी बादली कशाने भरायची?"

"दाताळ्याने, आणखी कशाने," मी म्हटलं.

त्या ताटं उचलायला लागल्या. नंतर म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. तुला आकड्यांत दिसत असेल." मी म्हटलं, दिसतंच आहे.

६ नोव्हेंबर, बुधवार

अहवाल रवाना. साहेबांचा फोन आला, छपाईला दिला म्हणाले. पाच डिसेंबरला समितीची बैठक आहे, तिथे मी मांडायचा. कोणती साडी नेसायची ते ठरवून टाकलं. हे म्हणाले, साडी काळजीपूर्वक निवड, अहवाल कोण ऐकतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

जाऊबाईंची कंबर आज पट्ट्यावरच अडकली. लालटोपी आणि आणखी एक बाई अशा दोघींनी दोन बाजूंनी धरून आणलं. डॉक्टर म्हणाले, निदान पंधरा दिवस उठायचं नाही, आणि वाकायचं काम आता सोडा. शेवटचं वाक्य जाऊबाईंनी ऐकलंच नाही असा चेहरा केला.

उद्या मोठी ओहोटी आहे. सलग तीन मोठ्या ओहोट्या चुकल्या तर परवान्यावर शेरा पडतो. घरातलं माणूस बदली चालतं. हे उतरणार म्हणजे यांनाही उचलून आणावं लागणार. मी जाते म्हटलं. जाऊबाईंनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. म्हणाल्या, "जा. बरंच होईल."

१७ नोव्हेंबर, रविवार

सगळं जसं झालं तसं लिहिते.

पहाट फुटताना धक्क्यावरून उतरलो. शेजारणीचे गमबूट घातले होते. पहिल्या दहा पावलांत एक बूट चिखलात राहिला आणि मी पुढे गेले. माणसं हसली, मीही हसले. लोखंडी खांबाशी मी थांबले, तर बाकीचे चालतच होते. इथे का नाही, विचारलं. लालटोपीने दाताळं एकदा ओढून दाखवलं. नुसता चिखल. पुन्हा ओढलं. फुटके शिंपले आणि नखाएवढी चार पिल्लं, ती तिने परत पसरून टाकली. "इथलं संपलं," ती म्हणाली, दुकानातलं दूध संपलं म्हणावं इतक्या सहज.

खांबापासून आणखी पंचवीस मिनिटं चाललो. तिथे चिखल मांडीपर्यंत. मी दाताळं ओढायला लागले. दहा शिंपल्या वर आल्या की त्यातल्या सहासात तीसच्या आतल्या. त्या टाकायच्या. माणसं प्रामाणिक आहेत, एकानेही लहान शिंपली बादलीत घातलेली मी पाहिली नाही. तासाभराने गुडघ्याने बोलायला सुरुवात केली, दोन तासांनी तो ओरडू लागला. पाणी फिरायची वेळ झाली तेव्हा माझी एकच बादली, तीही अर्धी. लालटोपीची दुसरी बादली पाऊण. टाइमटेबल म्हणाले, "चला, अकरा मिनिटं आहेत," तरी कोणी हलेना. बादली भरल्याशिवाय कोणी वळतच नाही. आम्ही पाण्यातून परतलो तेव्हा उशीर का होतो ते मला कळलं.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. धक्क्याच्या उतारावर सगळ्यांनी बादल्या टेकवल्या आणि उकिडवे बसून निवडायला लागले. मोठी दिसली की धुवायची, वाडग्यात. लहान वाटली की परत बादलीत.

"तुमचाही भरा," लालटोपी मला म्हणाली. "मोठ्या मोठ्या काढा."

"कशाला?"

"टेबलावर जातो ना तो."

"टेबलावर मीच बसते."

"म्हणूनच तर," ती म्हणाली.

मी खाली बसले. अर्ध्या बादलीत मोठ्या म्हणाव्यात अशा चौदा निघाल्या. मला काय करावं कळेना, तशीच बसून राहिले. टाइमटेबल आले, आपल्या वाडग्यातल्या सहा मोठ्या शिंपल्या त्यांनी माझ्या वाडग्यात टाकल्या. मग लालटोपीने पाच टाकल्या. मग इतरांनी. "ताईंचा वाडगा कमी दिसायला नको," टाइमटेबल म्हणाले. ताई म्हणजे जाऊबाई. माझा वाडगा भरला.

मग मी टेबलाशी गेले, हात धुतले, कॅलिपर उचललं आणि त्या चाळीस मोजल्या. दुसरं काही सुचलंच नाही. सरासरी ४१.३.

१८ नोव्हेंबर, सोमवार

दिवसभर कोणाशी बोलले नाही. जेवताना यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मनात आलं ते लिहून ठेवते, नाहीतर पुढे मीच नाकारेन. मनात आलं की कुणाला कळणार नाही. आकडे माझे, वही माझी, अहवाल छापून झालेला. मोजणीत चूक नाही, एकेक मिलिमीटर खरा आहे. पट्टा खचला तर दोन वर्षांनी खचेल आणि तेव्हा लोक पाण्याला दोष देतील. हे सगळं मी ओळीने आणि स्वच्छ विचारात मांडलं, अहवालासारखं. मग स्वतःचीच किळस आली.

चार वेळा मला कुणी ना कुणी सांगायचा प्रयत्न केला होता. वही मागे उलटून वाचली. सगळं माझ्याच अक्षरात लिहिलेलं आहे. उशिरा परतणं, लांब दांडा, खांब, नळाकडे बघणारे टाइमटेबल. तपासणारी मी, आणि मलाच वाचता आलं नाही.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी शब्दकोडं बाजूला ठेवलं, जे कधी ठेवत नाहीत. म्हणाले, "चुकलीस. आता दुरुस्त करशील. पण अशी गप्प नको बसू, घर भकास वाटतं."

१९ नोव्हेंबर, मंगळवार

जाऊबाईंच्या खोलीत गेले. गरम पाण्याची पिशवी कंबरेखाली घेऊन पडल्या होत्या. मी उभ्यानेच म्हटलं, "मला चौदा जणांनी मिळून फसवलं."

"बस आधी," त्या म्हणाल्या. "फसवलं कशाला? घरी कोणी आलं तर तू फुटक्या कपात चहा देतेस का?"

"मी पाहुणी नाही. मी मोजणारी आहे."

"तू आमच्या घरची आहेस. पहिल्या दिवशी मीच सगळ्यांना सांगितलं, नव्याने आलीय, नोकरी पहिल्या वर्षाची आहे, तिच्या टेबलावर बारीकसारीक जाऊ देऊ नका. तू म्हणालीस चाळीस आणा. कुठल्या चाळीस ते तू म्हणाली नाहीस."

खरं आहे. म्हणाले नव्हते. अकराव्या पानावर तेच तर लिहिलंय.

"मग अहवाल वाचला तेव्हा का बोलला नाहीत?"

"आम्हाला वाटलं, तू आकड्यांतून आणखी काही बघतेस. डॉक्टर नाही का बघत, डोळे ओढून पोटातलं."

मला राग आला होता तो कुठे ठेवावा कळेना. त्यांच्यावर ठेवता येत नव्हता. तिथूनच साहेबांना फोन लावला. अहवाल चुकीचा आहे, मागे घेते, म्हटलं.  मग म्हणाले, "मॅडम, तो छापून झालाय."

"मग छापलेला परत मागवा," मी म्हटलं. "आणि बैठक पुढे ढकलू नका. एक आणि तीन डिसेंबरला मोठी ओहोटी आहे. तेवढ्यात मी खरे आकडे आणते."

फोन ठेवला. जाऊबाई म्हणाल्या, "साहेबांशी असं बोलतात?" आणि पहिल्यांदा हसल्या.

३ डिसेंबर, मंगळवार

अकरावं पान अक्षरशः पाळलं. पाइपची चौकोनी चौकट, दोरीने आखलेल्या रेषा, जिथे पडेल तिथे चौकट टाकायची, आतलं सगळं उकरून चाळायचं. गुडघ्याला पट्टा बांधला. लालटोपीने चौकट धरली, टाइमटेबल वेळ सांगत राहिले. चौकट रिकाम्या जागी पडली की दोघंही ती जरा उचलून बऱ्या जागी सरकवायला बघत. तीनदा हात धरला. चौथ्यांदा लालटोपी म्हणाली, "सवय आहे हो बाई, रिकामं दाखवायला लाज वाटते."

चाळीस चौकटी टाकल्या, त्यातल्या बावीस पूर्ण रिकाम्या निघाल्या. न निवडलेल्या बादल्यांतली सरासरी ३२.४. सप्टेंबरात दोन बादल्या दोन तासांत भरत होत्या, आता चार तासांतही नाहीत. येण्याजाण्याच्या वेळा लिहिल्या होत्या म्हणून निदान हे दाखवता तरी येईल.

आकडे वाईट आहेत. पण खरे आकडे हातात आले की मला बळ येतं, ते आज आलं.

५ डिसेंबर, गुरुवार

बैठक. लांबट खोली, गुळगुळीत टेबल, पाण्याच्या बाटल्या. एका बाजूला समिती, दुसऱ्या बाजूला माल घेणारे व्यापारी, मागच्या खुर्च्यांवर आमची माणसं. जाऊबाई कंबरेला पट्टा आवळून आल्या होत्या, डॉक्टरांना न विचारता.

मी उभी राहिले आणि सांगितलं की पहिला अहवाल फाडून टाका. नमुना कसा निवडला जातो हे मी एकदाही खाली उतरून पाहिलं नाही, चूक माझी. निवडणाऱ्यांबद्दल एक शब्द बोलले नाही. एक व्यापारी चिडला. "म्हणजे तीन महिन्यांचे आकडे वाया?"

"वाया नाहीत," मी म्हटलं. "पट्ट्यात अजून चांगल्या शिंपल्या किती मोठ्या आहेत, याची इतकी नीट नोंद कुठल्याच खाडीत नसेल. फक्त त्या किती थोड्या आहेत, हे तिच्यात नाही."

समितीतले दोघंतिघं हसले. मग नवे आकडे ठेवले, आणि कोणी हसलं नाही.

साहेबांनी विचारलं, पट्टा किती काळ बंद ठेवायचा? मी मनाशी एक वर्ष धरलं होतं. पण तोंड उघडता उघडता थांबले. म्हटलं, "माझ्याकडे पट्ट्याचे दोन दिवसांचे खरे आकडे आहेत. मागे बसलेल्यांकडे चाळीस वर्षांचे आहेत. त्यांना विचारा."

सगळ्यांच्या माना मागे वळल्या. जाऊबाई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या.

"दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षी पिल्लं धरतील. दुसऱ्या वर्षी ती मोठी होऊन पुढची पिल्लं सोडतील. मग उघडा. वर्षाने उघडलात तर तेवढी पिल्लं काढून घ्याल आणि मग काहीच राहणार नाही."

"तुम्हाला हे कधीपासून जाणवतंय?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या हिवाळ्याच्याही आधीपासून."

"मग आमच्या माणसाला सांगितलं का नाहीत?" म्हणजे मला.

मी खाली मान घातली. जाऊबाई म्हणाल्या, "आमचं काम खणायचं, साहेब. मोजायला माणसं निराळी असतात, असं आम्हाला वाटायचं." त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

ठराव झाला. उत्तरेचा पट्टा दोन वर्षं पूर्ण बंद. दक्षिणेच्या लहान पट्ट्यात चौदापैकी नऊ जणांना परवाने, वयाने लहान असतील त्यांना आधी. लालटोपीचं नाव त्या नवांत आहे. टाइमटेबलचं नाही. ते परतताना गाडीत खिडकीबाहेर बघत बसले, एकदाही वेळ सांगितली नाही.

६ डिसेंबर, शुक्रवार

दुपारी जाऊबाई मागच्या दारात बसल्या होत्या. मी जवळ जाऊन बसले.

"मी याच घरात होते," मी म्हटलं. "रोज एका स्वयंपाकघरात जेवत होतो. मला का सांगितलं नाहीत?"

"अगं, तू बोलत असायचीस," त्या म्हणाल्या.

रागाने म्हणाल्या असत्या तर सोसलं असतं. त्या नुसतं सांगत होत्या, काल पाणी किती वाजता फिरलं ते सांगावं तसं. 

मग मी विचारलं, "काल एक वर्ष म्हणाला असतात तरी साहेबांनी मान्य केलं असतं. वर्षभरात कंबर बरी झाली असती. तुम्हाला परत उतरता आलं असतं."

"मी उतरले असते गं. शिंपल्या कुठून आल्या असत्या?"

"पण दोन वर्षांनी तुम्ही पासष्टच्या."

"मला मोजता येतं," त्या म्हणाल्या. "कंबर अडकली त्या दिवशी झालं तेच माझं शेवटचं काम, हे मला काल उभं राहतानाच माहीत होतं. चाळीस वर्षं त्या चिखलातून आणलं. घर चाललं, दिवस गेले. आता पट्टा सोडायचाच आहे, तर रिकामा करून कशाला सोडू? कोणीतरी येईल मागून. त्याला एक बादली तरी भरता यावी."

मला रडू आलं. इस्पितळात कधी रडले नाही, घर सोडताना रडले नाही, इथे मागच्या दारात बसून हुंदके देऊन रडले. त्या दोन महिन्यांपासून मला हेच सांगू बघत होत्या आणि मी त्यांना माझे दशांश ऐकवत होते.

जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बरं, आता तू रड," त्या म्हणाल्या, "मी बोलते."

आणि बोलल्या. कुठल्या वर्षी खांबापाशी कसा माल होता, पहिल्या दिवशी थोरल्या दिरांनी त्यांना दाताळं धरायला कसं शिकवलं, सकाळचं पाणी पायाला कसं लागतं, उद्यापासून त्या वेळेला जाग येईल तेव्हा काय करायचं. तासभर तरी बोलत होत्या. मी मध्ये एकदाही बोलले नाही.